मिलची भिंत

मिलच्या भिंतीकडेनं चालायला लागलं की पहिल्यांदा पायांना कळतं, इथं वळायला जागा नाही. एका हाताला रस्ता, रिक्षा, चहाची गाडी, पंक्चरचं दुकान. दुसऱ्या हाताला नुसती भिंत. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटा, गिलावा जागोजागी सुटलेला, सांध्यातून पिंपळ फुटलेला. पलीकडच्या वस्तीत जायचं तर भिंत संपेपर्यंत चालायचं आणि मग दुसऱ्या बाजूनं तेवढंच परत यायचं. सोलापूरकरांच्या हा वळसा इतका अंगवळणी पडलाय की तो वळसा आहे, हेच आता कोणाच्या मनात येत नाही.

बंद मिलच्या जमिनीचा विषय निघाला की आपण एकर मोजतो, गुंठ्याचा भाव काढतो, किती फ्लॅट बसतील याचा हिशेब मांडतो. मला मात्र आधी ही भिंत दिसते. जमीन शहराला परत मिळाली का, याचं उत्तर या भिंतीचं पुढे काय झालं त्यात आहे. कुंपण तेच, फाटकावर फक्त पहारेकऱ्याचा गणवेश बदललेला आणि आत मागांऐवजी बारा मजली इमारती, असं झालं तर मालक बदलला एवढंच. शहराचा वळसा होता तसाच राहिला.

भिंत उभी राहिली तेव्हा तिला कारण होतं. रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली. ‘जुनी मिल’ म्हणतात ती मिल १८७०च्या दशकात मोरारजी गोकुळदासांनी काढली. पुढं नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा मिल आल्या. मिलला रुळाजवळची सलग, सपाट जागा लागते, कारण कापूस आणि कोळसा आत यायचा आणि गाठी बाहेर जायच्या. या मालाची राखण करायची आणि भोंग्याच्या वेळा पाळून घ्यायच्या, म्हणून भिंत आणि एकच मोठं फाटक. तेव्हा या जागा गावाच्या कडेला होत्या. नंतर शहर त्यांच्या चहूबाजूंनी वाढलं, पण भिंतीला वळसा घालूनच. पेठा जोडणारे रस्ते भिंतीपाशी येऊन थांबले, नळाच्या आणि गटाराच्या लाइनीही तशाच वळल्या. मिल बंद पडल्या तेव्हा मधली जागा रिकामी झाली, रस्ते मात्र वळलेलेच राहिले.

मिल बंद पडली की जमीन कुणाची आणि कामगारांचं काय, हा प्रश्न या गावात प्रजासत्ताकाइतका जुना आहे. जुनी मिल ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. केंद्र सरकारनं जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून आणि मग कायदा करून तिचा कारभार हातात घेतला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५० आणि १९५३ साली त्यावर जे निकाल लागले, ते मालमत्तेच्या हक्काचा धडा म्हणून कायद्याच्या वर्गात आजही शिकवले जातात. सोलापूरच्या एका मिलच्या कुलपानं देशाच्या घटनेला विचार करायला लावला.

आता एखादी चाळीस एकराची मिल धरू आणि काम कसं चालतं ते पाहू. पहिलं वर्ष कागदातच जातं, आणि ते जाऊ द्यावं. मिलची जमीन एका तुकड्यात क्वचितच असते. काही भाग खरेदीखतानं घेतलेला, काही सरकारी भाडेपट्ट्याचा, काही उद्योगासाठी म्हणून दिलेला. प्रत्येक तुकड्याचं मालमत्ता पत्रक वेगळं काढायचं, निदान तीस वर्षांचे फेरफार उलटे वाचत जायचं. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी शर्तींवर धारण केलेली जमीन, असं लिहिलेलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. भाडेपट्ट्यात ‘गिरणीसाठी’ असं लिहिलं असेल, तर तिथं घरं बांधणं हा शर्तभंग. १९७६चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा राज्यानं नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द केला, म्हणून तो विषय संपला असं वाटतं. पण कलम २० खाली सूट मिळालेल्या जमिनींवर त्या सुटीची नोंद राहिलेली असते, आणि ती निस्तरल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही.

मग भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी. इथं हमखास गडबड निघते, कारण भिंत आणि हद्द एक नसतात. एका बाजूला रस्ता रुंद करताना भिंत आत सरकलेली असते, दुसऱ्या बाजूला नाल्यानं पात्र बदललेलं असतं, तिसऱ्या बाजूला चाळीचे संडास हद्दीवरच उभे असतात. आधी नकाशा काढून मग मोजणी करणाऱ्यांचा अख्खा आराखडा दोन-चार मीटरच्या फरकानं कोसळतो. कडेचा रस्ताच बसत नाही.

कागदातली सर्वांत जड गोष्ट म्हणजे कामगारांची देणी. डिसेंबर २०२०पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडून राज्यभर जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यात बंद उद्योगाच्या जागेवर निवासी किंवा व्यापारी वापर मागायचा तर कामगार आयुक्तांचं ना हरकत पत्र लागतं: सगळी कायदेशीर देणी दिली, किंवा ती देण्याची समाधानकारक व्यवस्था केली. कागदावर ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात मस्टरची, म्हणजे हजेरीपुस्तकाची, पानं वाळवीनं खाल्लेली, बदली कामगारांच्या हजेऱ्या अर्धवट, ग्रॅच्युइटीचा हिशेब वादात, कामगार वारलेला आणि वारसाचा दाखला नाही, नाव एका कागदावर तेलुगू वळणाचं आणि दुसऱ्यावर मराठी. कंपनी अवसायनात, म्हणजे मोडीत काढून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत, गेली असेल तर बँकांचं तारणही मध्ये येतं. १९८५च्या दुरुस्तीनं अवसायनात कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीला आणून बसवली. हा मोठा आधार आहे, पण यादीच पक्की नसेल तर बरोबरीचा हिस्सा द्यायचा कोणाला? म्हणून यादीचं काम पहिल्या महिन्यात हाती घ्यावं, चाळीत बसून, जुन्या जॉबरांना, म्हणजे खात्यातल्या मुकादमांना, आणि युनियनच्या माणसांना सोबत घेऊन. ती माणसं आज सत्तरीच्या पुढं आहेत. उशीर केला तर कोण कुठल्या खात्यात होतं हे सांगणारंच कोणी उरणार नाही.

मुंबईचं उदाहरण इथं एका शब्दासाठी आठवायला हवं. तिथल्या १९९१च्या नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमानं मिलच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे केले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची झाली. शेड उभ्या असलेली जमीन त्यातून निसटली. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तो बदल उचलून धरला. गिरण्यांच्या जमिनीतून बाग आणि परवडणारी घरं यांच्या वाट्याला जे येणार होतं, ते एका शब्दामुळं आटलं. तो नियम सोलापूरला लागू नाही. पण इथल्या प्रत्येक प्रस्तावात ‘मोकळी’, ‘पडीक’, ‘विनावापर’ हे शब्द कशाला लावलेत ते बोट ठेवून वाचावं. होम मैदान वर्षातले बरेच महिने रिकामं दिसतं. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली की तेच मैदान सगळ्या जिल्ह्याला कमी पडतं. त्याला विनावापर म्हणणारा माणूस जानेवारीत इथं आलेला नसणार.

कागद लागले की जमिनीच्या पोटात शिरायचं. सोलापूरची वरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण. खोलीचा भरवसा नाही. एका कोपऱ्यात चार फुटांवर खडक लागतो, शंभर पावलांवर बारा फुटांवरही लागत नाही. मिलच्या जागेत आणखी एक पदर असतो, भरावाचा. बॉयलरची राख, विटांचे तुकडे, जुन्या यंत्रांचे पाये, बुजवलेल्या विहिरी, कोळशाचे हौद. राखेचा भराव वरून घट्ट वाटतो, पण पाणी लागलं की बसतो. म्हणून माती तपासायचे बोअर घेताना ते चौकटीत सारख्या अंतरावर घेऊन भागत नाही. मिलचा जुना नकाशा मिळवून बॉयलर घर, इंजिन घर, रंगखातं आणि विहिरी जिथं होत्या तिथं मुद्दाम घ्यावेत. दोन बोअरच्या मधोमध बुजलेली विहीर सापडली तर इमारतीचा एक खांब मुरमावर आणि दुसरा गाळावर येतो. वरच्या मजल्यावर तिरपी भेग पडते, तिचं मूळ तिथं असतं. काळ्या मातीवर जोतं थेट ठेवू नये. ती काढून खाली न फुगणारा मुरूम थराथरानं, पाणी मारून, रोलर फिरवून भरावा. एकदम तीन फूट टाकून वरून दाबला तर खालचा अर्धा भाग सैलच राहतो.

रंगखात्याची आणि ट्रान्सफॉर्मरची जागा वेगळी तपासायची. तेल आणि रंग मातीत मुरलेले असतात. शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे असतात, ते हातोड्यानं फोडायचे नाहीत. ओले करून, बोल्ट कापून अख्खे उतरवायचे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत जागी पाठवायचे. ठेका देताना ‘पाडकाम आणि राडारोडा उचलणे’ असं एकाच दरात लिहिलं की ठेकेदार साधा राडारोडा आणि तेल-रंग मुरलेली माती एकाच ट्रकमध्ये भरतो, आणि ती विषारी माती शहराबाहेर कोणाच्या तरी नाल्यात जाऊन पडते. दर वेगळे लिहावेत, ट्रकची पावती वेगळी घ्यावी.

आता मिलच्या शेडबद्दल थोडं सविस्तर, कारण ती पाडायची घाई सगळ्यांनाच असते. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेला तोंड केलेली. त्यामुळं आत दिवसभर सारखा उजेड, थेट ऊन मात्र फारसं येत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात या गोष्टीची किंमत कोणाला सांगायला नको. दोन दात्यांच्या मधल्या पन्हळीत पावसाचं पाणी जमतं. ते कुठून उतरतं? अशा शेडमध्ये बऱ्याचदा खालच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, खांबातून. खांब पोकळ असतो. छताचा भार पेलतो आणि पाणीही खाली गटारात नेतो. नव्यानं फरशी करताना खांबाच्या बुडाशी काँक्रीट ओतून ती वाट बंद केली, की पहिल्या मोठ्या पावसात खांब आतून भरतो, पाणी पन्हळीवरून उलटं आत येतं, आणि पुढं वर्षानुवर्षं बीड आतून गंजत राहतं. खांबावर छोट्या हातोडीनं वरून खाली हलके टकटक करत यावं. मोकळा असेल तिथं आवाज खणखणीत येतो, गाळ किंवा पाणी असेल तिथं बद्द. खडूनं खूण करायची. असा एकेक खांब वाजवून पाहिल्याशिवाय शेड ‘धोकादायक’ ठरवू नये. आणि शेड ठेवायची ठरली तर बिडाला भोकं पाडून, वेल्डिंग करून पोटमाळा लटकवू नये. बीड दाबाला बळकट, ताणाला ठिसूळ. नवा मजला हवा असेल तर त्याचे खांब वेगळे, जुन्यांना न टेकणारे.

चिमणीचंही तसंच. विटेच्या चिमणीचा खरा शत्रू पिंपळ. वरून छाटला तर तो मुळाशी आणखी जाड होतो, म्हणून मूळ मारावंच लागतं. दुरुस्ती चुन्यानंच करायची. सिमेंट विटेपेक्षा कडक, ते ओल आत कोंडतं आणि काही पावसाळ्यांत विटेचे पापुद्रे सुटायला लागतात. उंचीचा प्रश्न निघाला तर विमानतळाचा नकाशा आधीच पाहून घ्यावा. जून २०२३ मध्ये होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याची चिमणी विमानसेवेसाठी पाडली गेली, ते सगळ्या शहरानं पाहिलंय. नव्या टॉवरलाही तोच नकाशा लागू होतो.

पण सोलापुरात मोठा प्रकल्प खरोखर अडतो तो पाण्यापाशी. हिशेब सोपा आहे. हजार घरं, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर. दिवसाला पावणेसात लाख लिटर. नळाला पाणी चार दिवसांआड येतं असं धरलं, तर पुढचं पाणी येईपर्यंतचे पाच दिवस काढायला पावणेचौतीस लाख लिटरचा साठा हवा. तीन मीटर खोल टाकी केली तरी ती साधारण ३४ मीटर लांब आणि तेवढीच रुंद होते. नकाशावर ही टाकी बहुतेक वेळा एक लहानसा चौकोन असते आणि शेजारी ‘टँकर’ असं गृहीत धरलेलं असतं. दहा हजार लिटरच्या टँकरनं तेवढं पाणी आणायचं तर दर पाच दिवसांनी तीनशे अडतीस फेऱ्या. पाणी उजनीहून शंभर किलोमीटरवरून येतं. ते मिलच्या आत नेण्यासाठी वाढीव जलवाहिनी कोण टाकणार, हे परवानगीच्याच कागदात लिहून घ्यायला हवं. वापरलेल्या पाण्यापैकी ऐंशी टक्के सांडपाणी होतं, म्हणजे रोज पाच लाख चाळीस हजार लिटर. ते शुद्ध करून संडासाला आणि झाडांना वापरलं तर नळाच्या पाण्याची मागणी निदान एक तृतीयांशानं कमी होते. त्यासाठी घराघरांत दुहेरी नळ पहिल्या दिवसापासून हवा. नंतर भिंती फोडून तो टाकायला कोणी तयार होत नाही. शुद्धीकरण केंद्र बांधून बंद ठेवलेल्या वसाहती जागोजागी दिसतात. कारण बहुधा एकच असतं, महिन्याचं वीजबिल कोण भरणार ते आधी ठरलेलं नसतं.

विजेच्या बिलावरून घर कोणासाठी, हा प्रश्न येतो. उंच इमारत म्हटली की लिफ्ट, आगीचे पंप, जनरेटर, पहारा. यंत्रमागावर बसणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या कुटुंबाला घराचा हप्ता एक वेळ जमेल, पण महिन्याची देखभाल वर्गणी जमणार नाही. मग ते घर विकलं जातं. मिलच्या जागेवर कष्टकऱ्यांचा वाटा ठेवायचा तर तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या, खाली माग किंवा शिलाईचं काम चालू शकेल अशा इमारती हव्यात.

शहराबाहेरच्या कुंभारीकडं पाहिलं की हे जास्त टोचतं. तिथं विडी कामगार महिलांची दहा हजार घरं २००६ साली उभी राहिली. पुढं असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर उभं राहायला लागलं आणि त्यातली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या हाती आली. कष्टकऱ्यांनी संघटनेच्या बळावर मिळवलेली ही घरं आहेत, देशात अशी उदाहरणं थोडी. पण ती शहराबाहेर उभी राहिली, कारण परवडणारी सलग जमीन तिथं होती. शहराच्या पूर्व भागातल्या कामावर यायला रोजचं बसभाडं, मुलांची शाळा, दवाखाना, सगळं अंतर त्याच कुटुंबांनी अंगावर घेतलं. आणि शहराच्या पोटात, स्टेशनजवळ, भिंतीच्या आत एकरच्या एकर बाभळी वाढत होत्या. हे पाहून मला वाईट वाटतं, आणि ते लपवायचं कारणही नाही.

शेवटी टप्प्यांचा क्रम. अशा प्रकल्पात पैसा लवकर हवा असतो, म्हणून पहिला टप्पा हमखास रस्त्याकडेच्या दुकानगाळ्यांचा निघतो. गाळे विकले जातात, आतली कामं रेंगाळतात. गाळ्यांची पाठ आतल्या जमिनीकडं असते. म्हणजे दगडविटांची भिंत गेली आणि शटरची भिंत आली. नियमानं सोडायची दहा टक्के मोकळी जागा, चाळीस एकरांत चार एकर, ती आतल्या रहिवाशांची असते. पलीकडच्या वस्तीतल्या पोरांना तिथं प्रवेश नसतो. म्हणून क्रम उलटा हवा. आधी एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत थेट जाणारा बारा मीटरचा सार्वजनिक रस्ता. महापालिकेच्या नावे, मुरूम टाकून, दिवे लावून, इमारतीचा पहिला खड्डा खोदायच्या आत चालता केलेला. त्याच्याखाली पाण्याची आणि गटाराची लाइन. जुनी झाडं वाचवून त्याची आखणी करावी. पन्नास वर्षांपुढच्या झाडाला २०२१च्या दुरुस्तीनं वारसा वृक्षाचा दर्जा आहे, आणि त्याच्या सावलीतला रस्ता लोक आपोआप धरतात. लोक दोन वर्षं ज्या रस्त्यानं कामावर गेले, शाळेत गेले, तिथं पुन्हा फाटक बसवणं कोणालाही सोपं जात नाही.

हा रस्ता कुठून काढायचा, ते भिंतच सांगते. लांब भिंतीला दोन-तीन ठिकाणी भगदाडं पडलेली असतात. पावसानं पडलेली वेगळी आणि माणसांनी पाडलेली वेगळी. माणसांचं भगदाड दोन-अडीच फूट रुंद, कमरेपासून वर, खालच्या दगडाची कड पाय ठेवून ठेवून गुळगुळीत झालेली, दोन्ही बाजूंना बाभळीतून गेलेली पांढरी पायवाट. बाजूला कोणीतरी चढायला म्हणून एक तुटका जोत्याचा दगड आणून ठेवलेला. मोजणीच्या नकाशात ही भगदाडं येत नाहीत. नकाशाची प्रत, फूटपट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन भिंतीकडेनं चालत जाऊन ती एकेक करून उतरवून घ्यावी लागतात, शक्यतो सकाळी सहा ते आठमध्ये, लोक जात-येत असताना.